बुडाचा ठसा

मारेइके,
तुझं पत्र दोनदा वाचलं.
दुसऱ्यांदा वाचताना वीज गेली,
तेव्हा तुझा प्रश्न अर्धाच हाती राहिला:
"या संकटाचा तुझ्या कामावर..."

दहा तासांनी उजेड आला, लिहायला बसले
तर शेजारची पोर सांगत आली,
आमची परीक्षा पुढे ढकलली,
देशात कागद नाही.

मी ठसे घेणारी बाई.
कागद नाही म्हणजे माझं काय नाही
हे रॉटरडॅमला कसं कळवायचं?
इथे मोरातुवात सुतार उदंड.
त्यांच्याकडे लाकूड आहे, गिऱ्हाईक नाही.
सिरिलमामाने फणसाची फळी फुकट दिली.
म्हणाला, हिचं कपाट काही आता होत नाही,
तूच खोद काय खोदायचं ते.

शाई दिव्याच्या काजळीची केली.
काजळी फुकट. रॉकेल नव्हे.
खलात खोबरेल ओतलं तेव्हा
आई दारात उभी होती.
बोलली काही नाही,
नुसती बाटली उचलून उजेडात धरली
आणि किती उरलंय ते पाहिलं.
तुझ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ती बाटलीच,
पण ती तुमच्या भिंतीवर टांगता यायची नाही.

मग गॅसची रांग.
रात्री माणसं घरी जातात,
सिलिंडर साखळीने बांधून रस्त्यावर उभे.
तिसऱ्या दिवशी कंटाळून
मी माझ्या रिकाम्या सिलिंडरच्या बुडाला शाई फासली
आणि डांबरावर टेकवला.
एक काळं कडं उमटलं.
मागचा रिक्षावाला रझीन म्हणाला, हे काय?
म्हटलं, माझा नंबर.
थट्टाच होती.

संध्याकाळपर्यंत चाळीसेक कडी.
आत कुणी नाव घातलं, सिंहलीत, तमिळीत,
कुणी मासा,
एका म्हाताऱ्याने नुसता अंगठा.
लोक पाय जपून टाकत होते.
वीस वर्षं प्रदर्शनं भरवली मी,
माझ्या कामापाशी कुणी इतकं सांभाळून चाललं नव्हतं.

चौथ्या दिवशी कुणीतरी
एक कडं पुसून आपलं पुढे सरकवलं.
मारामारी. मासेवाल्याचा ओठ फाटला,
शाईवर रक्त पडलं, आणि
सांगायला लाज वाटते,
मी रंग कसा दिसतो ते पाहत होते.
पोलीस म्हणाला, ही कडी काढली कुणी?
रांग माझ्याकडे वळली.
रझीन म्हणाला, सगळ्यांनी.
मी गप्प.
तुझ्या पुस्तिकेत "सहभागी कलाकृती" असं काही छापणार असशील
तर माझं हे गप्प बसणंही छाप.

ट्रक आला. माझ्याआधी दोन माणसं उरली असताना
संपला.
दर वीस पावलांवर टेकवत
सिलिंडर घरी आणला.
पहिलं कडं ठसठशीत, मग फिकं,
मग अर्धं,
आमच्या फाटकाशी तर नुसता ओलसर भास.
आईने आवाजावरूनच ओळखलं,
भरलेला वेगळा वाजतो.
चूल पेटवायला मी फळीचा
खोदून राहिलेला तुकडा दिला.

सोबत एक ठसा पाठवते आहे.
विजेच्या बिलाच्या पाठीवर घेतलाय.
बिल भरायचं राहिलंय, तिकडे दुर्लक्ष कर.
दाबयंत्र बंद, म्हणून
करवंटीच्या डावाने घासून उमटवला.
उजवी बाजू चांगली आली आहे.
डावीकडे फिकट दिसेल,
तिथे काही अर्थ शोधत बसू नकोस.
डाळ उतू चालली होती,
आईला डाव हवा होता.

— इरोमी